गाडीचा ताप उतरवणारा माणूस : विल्हेल्म मायबाख



मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल रायगडला गेली होती. परतीच्या वाटेवर वरंधा घाट चढताना आमची मिनीबस गरम झाली. गाडी जुनी, आत मुलं, दप्तरं, डबे, आणि घाट तर तुम्हाला माहीत आहेच. अर्ध्या चढावर बोनेटमधून वाफ यायला लागली. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली, मागच्या चाकाला दगड लावला आणि बोनेट उघडून ते बाजूला जाऊन बसले. मुलं गोळा झाली. पाचवीतल्या एका मुलाने मला विचारलं की बाई, गाडीला ताप आलाय का? मी हसले, हो म्हटलं. मग त्याने पुढचा प्रश्न टाकला, की गाडीला ताप कशाने येतो आणि तो उतरतो कसा? इथे मात्र माझी पंचाईत झाली. डी.एड.ला विज्ञान शिकवायच्या पद्धती भरपूर शिकले, पण रेडिएटर म्हणजे नेमकं काय, हे मला सांगता येईना. पाणी घालतात एवढंच ठाऊक होतं.

ड्रायव्हरकाकांनी जवळजवळ पाऊण तास काहीच केलं नाही. मुलं कंटाळली, मीसुद्धा. एका पालकांनी सुचवलं की झाकण उघडून पाणी ओता आणि निघा. काकांनी त्यांना हातानेच थांबवलं. इंजिन पूर्ण निवल्यावर त्यांनी झाकणावर जाड फडकं टाकून ते हळूहळू फिरवलं, मग थोडं थोडं पाणी घातलं. त्यानंतर रेडिएटरची जाळी दाखवली. वाळलेलं गवत, भुसा, किडे, चिखल, सगळं तिच्यात गच्च बसलेलं. शिवाय पंख्याचा पट्टा सैल. काकांनी ब्रशने जाळी साफ केली, पट्टा ताणला आणि आम्ही भोरला सुखरूप पोचलो.

घरी आल्यावर ती जाळी माझ्या डोक्यातून जाईना. ती पहिल्यांदा कोणी केली असेल? शोधत गेले तेव्हा एका जर्मन माणसाचं नाव सापडलं, विल्हेल्म मायबाख. मायबाख हे नाव आज फार महागड्या गाडीवर असतं, एवढं आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. माणूस मात्र फारसा कोणाला माहीत नाही, मलाही नव्हता. त्यांचं आयुष्य वाचल्यावर वाटलं की हे मुलांना सांगायलाच हवं. आधी तुम्हाला सांगते.

अनाथ मुलगा आणि चित्रकलेची वही

विल्हेल्मचा जन्म 9 फेब्रुवारी 1846 ला दक्षिण जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावी झाला. वडील सुतार. घरात पाच मुलगे. कामाच्या शोधात कुटुंब स्टुटगार्टला आलं आणि तिथे या घराची दैना झाली. आधी आई गेली. विल्हेल्म दहा वर्षांचा असताना वडीलही बुडून मरण पावले. पाच भाऊ उघड्यावर पडले. कुटुंबाच्या ओळखीच्या लोकांनी स्टुटगार्टच्या वर्तमानपत्रात एक आवाहन छापलं, की या निराधार मुलांना कोणी आसरा देईल का.

ते आवाहन गुस्टाव वेर्नर यांच्यापर्यंत पोचलं. हे धर्मगुरू होते, पण नुसते प्रवचन करणारे नव्हते. रॉइटलिंगेन गावात त्यांनी अनाथ आणि गरीब मुलांसाठी बंधुगृह नावाची संस्था काढली होती. तिथे शाळा होती, शेती होती आणि मुख्य म्हणजे कारखानेही होते. कागद तयार व्हायचा, यंत्रं बनायची. मुलांनी शिकावं आणि हाताला कामही असावं, असा त्यांचा विचार होता. विल्हेल्म या संस्थेत आला.

इथली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार महत्त्वाची वाटते. या मुलाला रेषा काढायला आवडतात, त्याच्या हाताला माप आहे, हे वेर्नर यांच्या लक्षात आलं. शेकडो मुलं सांभाळणाऱ्या माणसाच्या ते लक्षात आलं! पंधराव्या वर्षी त्यांनी विल्हेल्मला संस्थेच्या यंत्रशाळेत आराखडे काढायच्या कामाला बसवलं. दिवसभर यंत्रांचे आराखडे काढायचे आणि संध्याकाळी गावातल्या शाळेत जाऊन गणित आणि पदार्थविज्ञान शिकायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला. विद्यापीठात तो कधीच गेला नाही. त्याचं तांत्रिक शिक्षण म्हणाल तर एवढंच.

1863 च्या अखेरीस या यंत्रशाळेवर नवे प्रमुख आले. त्यांचं नाव गॉटलीब डाइमलर. ते एकोणतीस वर्षांचे होते, विल्हेल्म सतरा वर्षांचा. डाइमलर शिकलेले, महत्त्वाकांक्षी आणि थोडे तापट. विल्हेल्म शांत, कमी बोलणारा, पण सांगितलेली कल्पना कागदावर उतरवण्यात हुशार. दोघांचं जमलं. डाइमलर 1869 मध्ये कार्ल्सरूहेच्या यंत्रकारखान्यात गेले, तर त्याच वर्षी त्यांनी विल्हेल्मला तिकडे बोलावून घेतलं. 1872 मध्ये ते कोलोनजवळच्या डॉइट्झ कारखान्यात गेले, तिथेही मायबाख त्यांच्याबरोबर. डाइमलर गेले तिथे मायबाख गेले, असं पुढे जवळजवळ तीस वर्षं चाललं.

डॉइट्झचा कारखाना निकोलाउस ऑटो आणि ऑयगेन लांगेन यांचा. 1876 मध्ये इथेच ऑटो यांचं चार टप्प्यांचं इंजिन तयार झालं. आज तुमच्या माझ्या दुचाकीत जे चालतं त्याचं मूळ हेच. आत ओढणं, दाबणं, पेटणं, बाहेर टाकणं. ते कारखान्यात एकामागून एक तयार करता येईल असं घडवण्याचं मोठं काम मुख्य आराखडाकार म्हणून मायबाख यांनी केलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनालाही ते जाऊन आले. 1878 मध्ये बेर्टा हाबरमास यांच्याशी त्यांचं लग्न झालं आणि 1879 मध्ये मुलगा कार्ल झाला. कार्लचं नाव लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

बागेतली खोली

ऑटोंशी पटेना म्हणून डाइमलर 1882 मध्ये डॉइट्झमधून बाहेर पडले आणि स्टुटगार्टला लागून असलेल्या कान्श्टाटला त्यांनी मोठं घर घेतलं. बागेतल्या काचघराला जोडून त्यांनी एक छोटी कार्यशाळा बांधली. मायबाखही चांगली नोकरी सोडून तिथे आले. दोघांचा हेतू एकच, इंजिन इतकं लहान आणि वेगवान करायचं की ते कुठल्याही वाहनावर बसवता यावं. तेव्हाची इंजिनं मिनिटाला दीडशेच्या आसपास फेरे घ्यायची आणि त्यांना अख्खी खोली लागायची.

काम इतकं गुपचूप चाले की बागेच्या माळ्याला संशय आला. रात्री बेरात्री ठोकाठोक, खिडक्या बंद. हे खोटी नाणी पाडतात असं त्याला वाटलं आणि त्याने पोलिसांना कळवलं, अशी गोष्ट सांगतात. पोलीस आले, त्यांना इंजिनं दिसली, ते परत गेले. ही गोष्ट मुलांना फार आवडते, मी सांगून पाहिली आहे.

1885 मध्ये त्यांनी उभ्या घड्याळासारखं दिसणारं इंजिन एका लाकडी दुचाकीवर बसवलं. ते मिनिटाला सुमारे सहाशे फेरे घ्यायचं. 1886 मध्ये नावेवर आणि चारचाकी बग्गीवरही इंजिन आलं. मात्र या काळातली महत्त्वाची पेटंटं डाइमलर यांच्या नावावर आहेत. मायबाख पगारी माणूस होते. कल्पना कोणाची, आराखडा कोणाचा आणि नाव कोणाचं, याचा हिशोब आज नीट लावता येणं अवघड आहे. मला विचाराल तर हे त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे असलं तरी बरोबर नव्हतं.

आता तापाकडे येते

इंजिनच्या नळकांड्यात इंधन पेटतं तेव्हा आतलं तापमान दोन हजार अंशांच्या घरात जातं. इंधनातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामी येते. तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते. आणि तेवढीच धातूत साठत जाते. ती काढून टाकली नाही तर तेल जळतं, दट्ट्या नळकांड्याला चिकटतो आणि इंजिन कायमचं बसतं. म्हणजे बघा, इंजिन किती ताकदीचं करता येईल हे ते किती जोरात पेटतं यावर ठरत नाही. ते किती उष्णता बाहेर टाकू शकतं, यावर ठरतं. मायबाख यांच्या कामाचं मर्म मला इथे दिसतं. ताकद वाढवायच्या मागे सगळेच होते. मायबाख ती उष्णता टाकायची कुठे, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रश्नाला चिकटून राहिले.

अगदी लहान इंजिनाला हवा पुरते. नावेला तर काळजीच नसते, खाली नदीभर पाणी. रस्त्यावरच्या गाडीने काय करावं? कार्ल बेंझ यांच्या पहिल्या गाडीत नळकांड्याभोवती पाणी असायचं आणि ते उकळून वाफ होऊन उडून जायचं. 1888 मध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला, म्हणजे शंभरेक किलोमीटर गेल्या, तेव्हा वाटेत मिळेल तिथे थांबून त्यांना पाणी भरत जावं लागलं. पाण्यासाठी गाडी थांबवत थांबवत केलेला तो प्रवास आपल्या घाटातल्या प्रवासासारखाच.

मायबाख यांनी 1889 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी पोलादी चाकांची हलकी गाडी आखली. तिची चौकट सायकलसारखी नळ्यांची होती. इंजिनचं गरम पाणी त्यांनी या चौकटीच्या नळ्यांतूनच फिरवलं. गाडीचा सांगाडा हाच तिचा रेडिएटर! मला ही युक्ती फार आवडली. वेगळं वजन नाही, वेगळी जागा नाही. पण थोड्या ताकदीच्या इंजिनालाच ती पुरणारी होती. इंजिन मोठं झालं की नळ्या कमी पडणार.

मधली काही वर्षं त्रासाची गेली. 1890 मध्ये भांडवलदारांना बरोबर घेऊन डाइमलर कंपनी स्थापन झाली. कंपनीने मायबाख यांच्यापुढे ठेवलेल्या अटी त्यांना मान्य होण्यासारख्या नव्हत्या. 1891 च्या फेब्रुवारीत ते बाहेर पडले आणि घरीच आराखडे काढत राहिले. पुढे डाइमलर यांचंही भागीदारांशी बिनसलं. दोघांनी कान्श्टाटमधल्या हेरमान नावाच्या बंद पडलेल्या हॉटेलचं सभागृह भाड्याने घेतलं आणि बारा कामगार आणि पाच शिकाऊ मुलांना घेऊन काम चालू ठेवलं. पेट्रोलचा बारीक फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर मायबाख यांनी याच काळात, 1893 मध्ये केला. नाचाच्या सभागृहात! शेवटी फ्रेडरिक सिम्स या व्यावसायिकाने इंग्लंडसाठीच्या हक्कांपोटी साडेतीन लाख मार्क देऊ केले, पण डाइमलर यांना परत घ्या या अटीवर. तेव्हा 1895 मध्ये दोघेही कंपनीत परतले आणि मायबाख तांत्रिक प्रमुख झाले.

बशीतला चहा

आता इंजिन गाडीच्या पुढच्या भागात आलं होतं आणि ताकद वाढत होती. 1897 मध्ये मायबाख यांनी नळ्यांचा रेडिएटर केला. पाण्याच्या टाकीतून आरपार बारीक नळ्या नेल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि नळ्यांच्या बाहेरचं पाणी निवायचं.

हे वर्गात समजावताना मी चहा घेते. कपातला चहा गरमच राहतो आणि बशीत ओतला की लगेच पिण्याजोगा होतो. चहा तेवढाच, पण हवेला लागणारा भाग वाढला. रेडिएटरचं सारं रहस्य या बशीत आहे. पाणी हवेजवळ जितकं पातळ पसरेल, तितकं लवकर निवेल. पण बशी किती मोठी करणार? गाडीच्या तोंडाला जागा मोजकी. मग त्याच जागेत जास्त बशा बसवायच्या.

पाचवीच्या वरच्या मुलांना एक गणित घाला. बाजू 60 मिलिमीटर असलेला एक चौकोनी बोगदा घेतला तर त्याची परिमिती 240 मिलिमीटर. आता त्याच जागेत 6 मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या बसवा. भिंतींची जाडी सोडून द्या. दहा ओळी, प्रत्येकी दहा नळ्या, म्हणजे 100 नळ्या. एकीची परिमिती 24, सगळ्यांची मिळून 2400. जागा तेवढीच, पण हवेला लागणारी भिंत दहापट. माझ्या वर्गात आलेखाच्या कागदावर मुलांनी हे काढलं आणि एका मुलीने विचारलं, की मग 3 मिलिमीटरच्या का नाही घेतल्या? विचार करण्यासारखा प्रश्न आहे. नळी फार बारीक झाली की वारा आत शिरायला कुरकुरतो, आणि कचराही लगेच अडकतो. आमच्या मिनीबसच्या जाळीत अडकला होता तसा.

6 मिलिमीटर हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. पण त्याच्याकडे जाण्याआधी एक वाईट घटना सांगावी लागेल.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस शहरात एमिल येलिनेक नावाचे श्रीमंत व्यापारी राहायचे. त्यांना वेगाचं वेड होतं. ते डाइमलर कंपनीच्या गाड्या घेत, विकत आणि शर्यतीत उतरवत. आणि सतत तक्रारीही करत, की गाडी हळू आहे, उंच आहे, अजून ताकद द्या. 6 मार्च 1900 ला डाइमलर वारले. त्याच महिन्याच्या 30 तारखेला नीसहून ला तुर्बीला चढणाऱ्या डोंगरी शर्यतीत कंपनीचा माणूस विल्हेल्म बाउअर अपघात होऊन मेला. गाडी जड, उंच आणि आखूड होती. वळणावर ती आवरली नाही. कंपनीतले लोक शर्यती बंदच करायला निघाले. येलिनेक यांचं म्हणणं पडलं की शर्यत सोडू नका, गाडी बदला. काही दिवसांतच त्यांनी नव्या घडणीच्या 36 गाड्यांची मागणी नोंदवली. किंमत साडेपाच लाख मार्कांच्या घरात. त्यांची एक अट होती. गाडीला त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीचं नाव द्यायचं, मर्सिडीज.

तीस वर्षांचे सोबती नुकतेच गेलेले, एक सहकारी मेलेला आणि हातात काही महिने. मायबाख तेव्हा चोपन्न वर्षांचे होते. त्यांनी गाडी मुळापासून नव्याने आखली. बसकी, लांब, दाबलेल्या पोलादाच्या चौकटीची. इंजिन सुमारे सहा लिटरचं, 35 अश्वशक्तीचं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाची उष्णता जुन्या रेडिएटरला झेपणारी नव्हती. हा प्रश्न सुटला नसता तर बाकीची गाडी कितीही चांगली असून उपयोग नव्हता, कारण शर्यत डोंगर चढायची होती.

तेव्हा त्यांनी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. 6 बाय 6 मिलिमीटरच्या 8070 चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून रचल्या आणि टोकांना झाळल्या. नळ्यांतून वारा जायचा आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींतून पाणी झिरपत खाली यायचं. मागे एक पंखा बसवला, म्हणजे गाडी चढावर हळू चालत असतानाही वारा मिळेल. बरोबर घेऊन फिरायचं पाणी निम्म्यावर आलं, म्हणजे वजनही कमी झालं. आठ हजार सत्तर नळ्या! एकाही सांध्याला भोक राहिलं की पाणी गळणार. आराखडा मायबाख यांचा खरा, पण हे झाळकाम करणाऱ्या कामगारांचीही आठवण ठेवायला हवी. त्यांची नावं कुठे वाचायला मिळत नाहीत.

22 डिसेंबर 1900 ला पहिली गाडी येलिनेक यांच्याकडे रवाना झाली. मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यतींत या गाड्यांनी बाकीच्यांना मागे टाकलं. ज्या ला तुर्बीच्या चढावर बाउअर गेला, तिथे आधीचा सरासरी वेग ताशी 31 किलोमीटरच्या आसपास होता. नव्या गाडीने तो 51 च्या वर नेला. पोळ्याचा रेडिएटर गाडीच्या तोंडावर दिसायचा. पुढे कितीतरी वर्षं गाडीचा चेहरा म्हणजे रेडिएटर, असंच झालं. बाकीच्या कारखानदारांनी गाडीची ठेवणच उचलली.

जुन्या गाड्यांचं दुखणं

इथे थोडं विषयांतर करते, पण पालकांना उपयोगाचं आहे. आजच्या रेडिएटरमध्ये पाणी चपट्या नळ्यांतून जातं आणि वारा बाहेरच्या पातळ पत्र्यांमधून, म्हणजे मायबाख यांच्या उलट. पोळ्याच्या रेडिएटरच्या फटी अरुंद असल्याने त्या क्षारांनी बुजायच्या आणि गळती शोधून झाळणं फार किचकट असायचं, म्हणून ती पद्धत मागे पडली. तत्त्व मात्र तेच राहिलं.

ज्यांच्याकडे जुनी जीप, मेटाडोर किंवा जुन्या बसमध्ये केलेलं फिरतं घर आहे, त्यांना हे रोज भोगावं लागतं. फिरत्या घराचं वजन फार आणि चढावर वेग कमी. म्हणजे उष्णता जास्त आणि समोरून वारा कमी, सगळी भिस्त पंख्यावर. आमच्या काकांशी नंतर बोलले तेव्हा त्यांनी सांगितलेली कारणं अशी. जाळी बाहेरून बुजणं हे पहिलं. दुसरं, बोअरचं क्षाराचं पाणी घालत राहणं. आपल्या बादलीला जो पांढरा थर धरतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आतून धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. म्हणून कूलंट घालावं आणि त्यात मिसळायला शुद्ध पाणी घ्यावं. मग पंख्याचा पट्टा, तडकलेले रबरी होस पाइप, पाणी फिरवणारा पंप, ज्याला गॅरेजवाले वॉटर बॉडी म्हणतात, आणि झाकण. झाकण साधं दिसतं, पण ते आत दाब धरून ठेवतं. आपल्या कुकरसारखं. दाबामुळे पाणी 100 अंशांनंतरही उकळत नाही. म्हणूनच गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की पाण्याचा एकदम फवारा होतो आणि तोंड भाजतं. त्या दिवशी सुचवणाऱ्या पालकांचं काकांनी ऐकलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने मला अजून कसंतरी होतं. आजूबाजूला मुलं उभी होती. निवलेल्या इंजिनातही पाणी हळूहळूच घालायचं, नाहीतर तापलेला धातू तडकू शकतो.

परत मायबाख यांच्याकडे.

नाव मुलीचं, घर मुलाचं

मर्सिडीज हे नाव जगभर गेलं. फ्रान्समध्ये लोक मायबाख यांना आराखडाकारांचा राजा म्हणू लागले. कारखान्यात मात्र त्यांचं वजन वाढायच्या ऐवजी घटत गेलं. पाठीशी उभे राहणारे डाइमलर आता नव्हते. संचालकांशी खटके उडत राहिले, अधिकार कमी होत गेले आणि 1907 मध्ये एकसष्टाव्या वर्षी मायबाख यांनी कंपनी सोडली. त्यांच्या जागी डाइमलर यांचा मुलगा पाउल आला. जिथे आयुष्य घातलं तिथून असं बाहेर पडणं काय असतं, हे आपल्यातल्या काहीजणांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाहिलं असेल.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1908 मध्ये, काउंट झेपेलिन यांचं प्रचंड हवाई जहाज एष्टरडिंगेनजवळ वादळात सापडून जळालं. मायबाख यांनी झेपेलिन यांना पत्र लिहून हवाई जहाजासाठी चांगलं इंजिन देऊ केलं. त्यातून 1909 मध्ये बिसिंगेन गावात इंजिनांचा कारखाना उभा राहिला. त्याची धुरा सांभाळली मुलगा कार्ल याने. म्हातारे मायबाख सल्ला द्यायला होते. कारखाना पुढे बोडेन तलावाकाठच्या फ्रीड्रिक्सहाफेनला गेला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिनं करायची बंदी झाली, तेव्हा कार्लने स्वतःच्या गाड्या काढल्या. 1921 मध्ये मायबाख हे नाव पहिल्यांदा गाडीवर आलं. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाच्या गाड्या आखणाऱ्या माणसाने आपलं नाव गाडीवर पाहिलं ते पंच्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही मुलाच्या हातून.

1916 मध्ये स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली होती. संध्याकाळच्या वर्गात गणित शिकलेला बंधुगृहातला मुलगा सत्तराव्या वर्षी डॉक्टर झाला.

29 डिसेंबर 1929 ला कान्श्टाट इथे त्यांचं निधन झालं. वय त्र्याऐंशी. तिथल्या उफ कबरस्तानात त्यांना पुरलं. डाइमलर यांची कबरही तिथेच आहे.